टॉर्च लावलेली बादली

पेटंटच्या कायद्यात एक माणूस राहतो. त्याला नाव नाही, गाव नाही, वय नाही. कायदा त्याला नुसतं ‘त्या विषयात पारंगत असलेली व्यक्ती’ म्हणतो. त्या विषयावर जगात जे जे छापलं गेलं ते त्यानं वाचलेलं असतं, जे जे बाजारात आलं ते हाताळलेलं असतं. फक्त स्वतःहून नवीन काही सुचण्याचा गुण देवानं त्याला दिलेला नसतो. तुमचा शोध या माणसापुढे ठेवायचा. ‘त्यात काय एवढं, हे कुणालाही सुचलं असतं,’ असं त्याच्या तोंडून निघालं की अर्ज बाद. तो गप्प झाला तर पेटंट. वकील सांगतात, ही व्यक्ती काल्पनिक आहे, परीक्षकानं ती डोळ्यांसमोर आणायची असते.

काल्पनिक कसली! डोंबिवली पूर्वेला, आमच्याच सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर राहते. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. पेपर वाचायला बसले की जाहीर नोटिसा आणि निविदांसकट वाचतात. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान चंद्रावर उतरलं, खाली आवारात पेढे वाटणं चाललं होतं, आणि हे गॅलरीतून म्हणाले, “त्यात काय एवढं? रशियानं १९६६ साली उतरवलं होतं.” बरोबरच होतं. ते नेहमी बरोबर असतात, म्हणून तर लिफ्टमध्ये ते दिसले की लोक जिन्यानं जातात. मी त्यांना मनातल्या मनात पारंगत म्हणतो.

त्यांच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, काका राहतात. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आयुष्यभर फिटर होते. निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं घड्याळ त्याच रात्री उघडून ‘आत काही विशेष नाही’ असा निर्वाळा देणारा माणूस. गच्चीवरची टाकी भरली की वाजणारी घंटी त्यांनी बसवली आणि तिला गणपतीची आरती लावली. त्यामुळे आमच्याकडे पहाटे आरती सुरू झाली की लोक हात जोडत नाहीत, मोटार बंद करायला पळतात. नवीन भाडेकरू पहिल्या दिवशी देवघर शोधतो.

काकांची सगळ्यात गाजलेली वस्तू मात्र बादली. पाणी रात्री अडीचला यायचं आणि वीज नेमकी त्याच सुमाराला जायची, असे दिवस डोंबिवलीनं काढलेत. एका हातात टॉर्च, एका हातात बादली आणि तिसऱ्या हातानं नळ सोडायचा. हा तिसरा हात काकांनी वाचवला. बादलीच्या कडीला त्यांनी टॉर्च अशी बसवली की पाणी कुठवर आलंय ते आपोआप दिसावं. अख्ख्या इमारतीनं तशा बादल्या करून घेतल्या. पारंगतांनीही घेतली, पण ‘त्यात काय एवढं’ म्हणून पैसे कमी दिले.

चौथ्या मजल्यावरची मुलगी फोर्टात एका पेटंट वकिलाकडे काम करते. तिला काकांनी बादली दाखवली, तर ती हसायलाच लागली. पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात शोध कशाला म्हणायचं नाही याची यादी आहे. तिच्यात एक पोटकलम असं की, माहीत असलेल्या दोन वस्तू एकमेकींना नुसत्या जोडल्या आणि दोघी आपापलं जुनंच काम करत राहिल्या, तर तो शोध नव्हे. हे अर्ज तपासणाऱ्यांना नीट कळावं म्हणून पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शक पुस्तिकेत उदाहरणं दिली होती : पंखा लावलेली छत्री, एकाच डब्यात घड्याळ आणि रेडिओ, चाळणी बसवलेली पिठाची गिरणी आणि, हो, टॉर्च लावलेली बादली.

आम्हाला वाटलं, काका खचतील. काकांची छाती फुगली. “म्हणजे आपली बादली सरकारी पुस्तकात आहे?”

“काका, ती नाकारलेल्यांच्या यादीत आहे.”

“असू दे. तिथवर पोचली ना?”

माझं वैयक्तिक मत असं की, ज्या कुणा अधिकाऱ्यानं हे उदाहरण लिहिलं त्याच्या घरी चोवीस तास पाणी आणि इन्व्हर्टर असणार. दोघी आपापलं काम करतात, हे खरं. पण अंधारात भरून वाहणारी बादली आणि वेळेवर बंद झालेला नळ यांत जो फरक आहे तो ना टॉर्चचा ना बादलीचा. तो टंचाईचा आहे, आणि टंचाईला कायद्यात पोटकलम नाही.

ही तिसऱ्या कलमाची यादी मी नंतर नीट ऐकून घेतली. निसर्गनियमांच्या विरुद्ध जाणारी यंत्रं बाद, म्हणजे एकदा ढकललं की अखंड फिरणारं चाक घेऊन जाऊ नका. नुसती सरमिसळ बाद. घटक एकत्र आले आणि प्रत्येकाचा गुण जिथल्या तिथे राहिला, तर तो शोध नाही. एकत्र येऊन तिसराच गुण उपजला, तर बोलता येईल. या निकषावर ठाण्याच्या मामलेदार मिसळीची बाजू एखादा चांगला वकील नक्की लढवील. पहिल्या घासाला नाकाडोळ्यांतून जे पाणी येतं ते एकट्या फरसाणानं येत नाही, एकट्या पावानं तर नाहीच. शेतीची पद्धत बाद. आणि माणसावर करायचे उपचारही बाद. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध देऊन कोकणात माणसं वाचवली, ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात ते छापून आलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. पण उपचाराची रीत कायद्याच्या लेखी शोध नाही, त्यामुळे विंचू चावून वाचलेल्या एकाही माणसाला त्याबद्दल कुणाला रॉयल्टी द्यावी लागलेली नाही. हे पोटकलम मला तरी पटतं.

काकांना हे सगळं ऐकून चेव चढला. आपल्या देशात पहिलं पेटंट कुणी मागितलं, असं त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर भारी आहे. १८५६ साली इथे पहिला कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या ३ मार्चला कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी’पेनिंग या इंजिनीयरनं पहिला अर्ज केला. शोध कसला? पंखा ओढण्याचं कार्यक्षम यंत्र! व्हरांड्यात बसून पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून साहेबाला वारा घालणारा पंखेवाला मध्येच पेंगतो, ही त्या काळची राष्ट्रीय समस्या असावी. त्याआधी दोनच वर्षं, १८५४ च्या मे महिन्यात, रेल्वे कल्याणपर्यंत येऊन पोचली होती. त्या पंख्याच्या अर्जाला आता पावणेदोनशे वर्षं होत आली आणि लोकलच्या डब्यातला अडून बसलेला पंखा आपण अजून खिशातल्या कंगव्यानं ढकलून सुरू करतो. जाळीतून कंगवा घालायचा, पात्याला एक टिचकी द्यायची, बोट मागे घ्यायचं. हा शोध कुणाचा, कधीचा, काही नोंद नाही. त्यासाठी डोक्यावर केस नसलेले लोकसुद्धा कंगवा बाळगतात.

रेल्वेवरून आठवलं. आपल्याकडचा खरा पेटंटवाला माणूस शोधायचा तर तो मुंबईचा शंकर आबाजी भिसे. जन्म १८६७. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकून. म्हणजे दिवसा खर्डेघाशी आणि उरलेल्या वेळात खटपटी. आजच्या डोंबिवलीत सहज खपून गेला असता. विशीतच त्यानं ज्या वस्तू करून पाहिल्या त्यांत कुणी उघडली तर कळेल अशी बाटली होती, विजेवर चालणारी सायकलची काहीतरी जोडणी होती आणि मुंबईच्या उपनगरी गाडीसाठी पुढचं स्टेशन दाखवणारा इंडिकेटर होता. एकोणिसाव्या शतकात! तो वेळेत बसवला असता तर किती पिढ्यांचं ‘अहो, कुठलं आलं?’ वाचलं असतं. अर्थात, वाचलं नसतंच. आता डब्यात पाटी दिसते, बाई तीन भाषांत स्टेशन सांगते, तरी दाराजवळचा माणूस आतल्याला विचारतो, कारण पाटीपेक्षा त्याचा माणसावर विश्वास जास्त.

भिशांचं नशीब उघडलं ते किराणा मालावरून. इंग्लंडमधल्या शोधकांच्या एका नियतकालिकानं स्पर्धा लावली होती : दुकानदाराला पिठासाखरेसारखा माल आपोआप वजन करून देणारं यंत्र सुचवा. मुंबईतल्या या कारकुनानं आराखडा पाठवला आणि थेट इंग्रजांना मागे टाकून पहिला आला. तिथून लंडन. तिथे त्याच्या पाठीशी उभे राहिले दादाभाई नौरोजी. हिंदुस्थानातून पैसा किती बाहेर जातो याचा हिशेब ज्यांनी आयुष्यभर मांडला, ते एका मराठी माणसाच्या यंत्रासाठी लंडनमध्ये पैसा गोळा करायला निघाले. आजच्या भाषेत, दादाभाई हे आपले आद्य स्टार्टअप गुंतवणूकदार, आणि परतावा मिळण्याच्या बाबतीतही हल्लीच्या बऱ्याच जणांसारखेच.

मोठं यंत्र होतं ‘भिसोटाइप’. छापखान्यातले खिळे पाडणारं. मिनिटाला बाराशे खिळे पाडण्याचा त्याचा दावा. असं होणं शक्य नाही, असं त्या धंद्यातले पारंगत म्हणाले. इथे ‘त्यात काय एवढं’ची उलटी बाजू दिसते : शोध किरकोळ असला तर ‘त्यात काय’, आणि खरोखर मोठा असला तर ‘शक्यच नाही’. मधली पट्टी फार अरुंद. सर रतन टाटांनी पैसा घातला, टाटांच्या आणि भिशांच्या नावानं शोधांची एक कंपनीही निघाली. पण ही भागीदारी टिकली नाही. मग भिसे न्यूयॉर्कला गेले. डोकेदुखी घालवणारं उपकरण, आपोआप पाणी सोडणारा संडास, टेलिफोन, स्वयंपाकघरातल्या वस्तू, काय काय त्यांनी केलं! दोनशेच्या आसपास शोध आणि चाळीसेक पेटंटं त्यांच्या नावावर सांगतात. अमेरिकन वर्तमानपत्रं त्यांना हिंदुस्थानचा एडिसन म्हणायची. आणि एवढ्या यंत्रांच्या खटाटोपानंतर गाजलं काय, तर आयोडिनचं एक औषध, ‘ॲटोमिडीन’. झोपेत असल्यासारखा पडून लोकांना उपचार सांगणारा एडगर केसी नावाचा एक अमेरिकन गृहस्थ होता, तो आपल्याकडे येणाऱ्यांना हे औषध घ्यायला सांगायचा. यंत्रावर आयुष्य घालवलेल्या माणसाची जाहिरात शेवटी एका झोपलेल्या माणसानं केली. १९३५ साली भिसे न्यूयॉर्कमध्येच वारले.

हे सगळं मी आवारातल्या बाकावर सांगितलं, तेव्हा पारंगतांनी एकच विचारलं, “मग फ्लॅट किती झाले त्याचे?”

डोंबिवलीत शोधकाला फ्लॅट मिळो न मिळो, नाका मिळतो. आमच्याकडे रिक्षावाल्याला सांगायचे दोन हमखास पत्ते आहेत : विको नाका आणि घारडा सर्कल. मी अशी तरुण मुलं पाहिली आहेत की ज्यांना घारडा हे माणसाचं आडनाव आहे हेच ठाऊक नाही. सर्कल असतं, तसं घारडाही असतं, एवढंच. केकी घारडा हे पारशी रसायनतंत्रज्ञ, मुंबईच्या यूडीसीटी या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवणारे. १९६०च्या दशकात त्यांनी कारखाना काढला आणि सुरुवात केली ती कापडाच्या एका निळ्या रंगापासून. हा रंग तोवर परदेशी कंपनी विकायची. घारडांनी तो इथे, स्वतःच्या पद्धतीनं बनवला. पुढे कीटकनाशकांतही तेच केलं. १९७० च्या आपल्या कायद्यात औषधं, अन्न आणि रसायनं यांच्या बाबतीत पेटंट फक्त बनवण्याच्या पद्धतीला मिळायचं, वस्तूला नाही. वस्तू तीच, वाट वेगळी काढली की झालं. २००५ पर्यंत असं चाललं. डोंबिवलीकराला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. बसायला जागा हवी म्हणून उलट्या गाडीनं कल्याणला जाऊन तिथून मुंबईला येणारा माणूस दुसरं काय करतो? स्टेशन तेच, पद्धत वेगळी. २०१६ ला घारडांना पद्मश्री मिळाली, २०२४ ला ते गेले. सर्कलला अजून घारडाच म्हणतात.

विकोची गोष्ट स्वयंपाकघरातली. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ साली परळच्या राहत्या घरात आयुर्वेदिक दंतमंजन करायला घेतलं. घरच्या बाईचं त्यावर काय म्हणणं होतं ते कंपनीच्या इतिहासात कुणी लिहीत नाही. मुलं दारोदार पुड्या विकायची. मग हळदीचं क्रीम आलं, ज्यात हळद आहे पण चेहरा पिवळा होत नाही. त्यावर उत्पादनशुल्क खात्यानं विचारलं, हे सौंदर्यप्रसाधन की औषध? कारण दोघांचे कर वेगळे. हा वाद वर्षानुवर्षं चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि क्रीम औषध ठरलं. पेंढरकरांच्या नावाचं कॉलेज डोंबिवलीत आहे, त्यातल्या मुली वर्गात बसून ते औषध लावतात.

हळद म्हटल्यावर माशेलकर आलेच. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं : जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. गंमत अशी की अर्जावर नावं दोन भारतीय वंशाच्या संशोधकांचीच. महाराष्ट्रातल्या प्रत्येक आजीनं यावर एका सुरात ‘त्यात काय एवढं’ म्हटलं असतं, पण अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात आजी चालत नाही, कागद लागतो. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक होते. त्यांच्या संस्थेनं बत्तीस कागद शोधून काढले, जुन्या संस्कृत ग्रंथांतले उतारे आणि १९५३ सालच्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही त्यांत होता. १९९७ साली पेटंट रद्द झालं. माशेलकर या लढ्याला हळदीघाटीची लढाई म्हणतात. पारंगत जे विनामूल्य, गॅलरीतून, दिवसाला चार-पाचदा करतात, तेच देशासाठी करायला बत्तीस पुरावे लागले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही एकदा ‘त्यात काय एवढं’ म्हटलंय, आणि तेही भांड्यांवरून. पितळी भांडी घासून चकचकीत करताना ती लेथवर धरून ठेवण्याची एक युक्ती होती, तिचं पेटंट एका उत्पादकानं घेतलं होतं. १९७८ च्या डिसेंबरात न्यायालयानं ते रद्द ठरवलं : ही कारखान्यात रोज होणारी सुधारणा आहे, शोध नव्हे. काका हे ऐकून फार अस्वस्थ झाले. “अरे, कारखान्यातली सुधारणा कोण करतं? फिटर! म्हणजे फिटरनं केलं की सुधारणा आणि इंजिनीयरनं केलं की शोध?” या प्रश्नाला चौथ्या मजल्यावर उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

तेव्हापासून काकांनी ठरवलं की आता असं काही काढायचं, जे जोडकाम वाटणार नाही. २०२३-२४ या एका वर्षात देशात एक लाखाहून जास्त पेटंटं दिली गेली, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. “लाखात एक आपलं नको?” विषय त्यांनी बरोबर निवडला. डोंबिवली ते सीएसएमटी, फास्ट गाडीनं तासभर, बसायला जागा नाही, रात्रीची झोप अपुरी. माणूस उभ्यानं झोपतो. झोपला की मान पडते, ती शेजारच्याच्या खांद्यावर, आणि तिथून पुढे भांडण किंवा लग्न. यावर काकांचा उपाय : मान धरणारा सदरा. कॉलरीत मागून छत्रीच्या काड्या, जुन्या स्कूटरच्या सीटमधला स्पंज आणि एक रबरी पट्टी. पट्टी ओढली की कॉलर ताठ उभी राहते आणि हनुवटीखाली येऊन बसते. मानेच्या विकाराला उपयोगी म्हणजे वैद्यकीय, सदरा म्हणजे कापड, आणि खपणार तर घरोघरी. एका दगडात तीन खाती.

काकूंनी शिलाई करून दिली. त्यांनी ‘पॅडमॅन’ सिनेमा पाहिला होता. कोइमतूरच्या मुरुगानंथमनं फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये बकऱ्याचं रक्त भरून, ते अंगाला बांधून पॅडची चाचणी घेतली आणि बायको घर सोडून गेली, ही गोष्ट काकू वारंवार ऐकवतात. “मी गेले नाही, हे लक्षात असू द्या.” वर, सदऱ्यातली पट्टी सटकत होती म्हणून बांगडीला अडकवलेली स्वतःची सेफ्टी पिन काढून दिली.

ती पिनसुद्धा कुणाच्या तरी पेटंटची. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटवर पंधरा डॉलरचं कर्ज होतं, ते फेडायला त्यानं तारेचा तुकडा वाकवत बसून ही पिन काढली. १० एप्रिल १८४९ ला पेटंट मिळालं आणि हक्क चारशे डॉलरला विकून मोकळा झाला. मराठी बाईच्या पदरानं, निऱ्यांनी, परकराच्या नाडीनं आणि तुटलेल्या चपलेनं तेव्हापासून जेवढ्या पिना वापरल्या त्यांचा हिशेब केला तर हंटच्या वंशजांनी डोंबिवलीचा फडके रोड विकत घेतला असता. याच हंटनं शिवणयंत्रही काढलं होतं, पण शिवणकाम करणाऱ्या बायकांची पोटं मारली जातील असं मुलगी म्हणाली म्हणून त्याचं पेटंट घेतलं नाही, असं सांगतात. काकूंना हा माणूस फार आवडला. “बायकामुलींचं ऐकणारा होता,” म्हणाल्या, आणि काकांकडे बघितलं.

कापडाच्या बाबतीत आपल्याकडेही एक मोठं आमिष लागलं होतं. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. अटी अशा की यंत्र खेड्यातल्या झोपडीत चालावं, हातानं किंवा पायानं, किंमत दीडशे रुपयांच्या आत, वीस वर्षं टिकावं. शोधकानं हवं तर स्वखर्चानं पेटंट घ्यावं, पण बक्षीस हवं असेल तर ते संघाला देऊन टाकावं. किर्लोस्करवाडीतही एक यंत्र तयार झालं. बक्षीस मात्र कुणालाच मिळालं नाही. खुद्द गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात बसून पेटीत मावणारा चरखा सुधारला, आणि त्यासाठी तुरुंगापेक्षा चांगली प्रयोगशाळा नव्हती : दारावरची बेल नाही, भिशी नाही आणि ‘त्यात काय एवढं’ म्हणणारा शेजारी गजाआड.

काकांची खरी अडचण तीच होती. अर्ज करण्याआधी शोध उघड झाला तर नावीन्य गेलं, असा नियम. आणि डोंबिवलीत गुप्तता? काकूंनी सदरा वाळत घातला, तर समोरच्या इमारतीतून विचारणा झाली की तुमच्याकडे कुणाची मान लचकली का. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो जायच्या आत चौथ्या मजल्यावरच्या मुलीनं सगळ्यांना दम दिला. चाचणी तरी चारचौघांत होणारच. तिनं कायद्यात वाट काढली : वस्तूच अशी असेल की तिची परीक्षा लोकांत घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, तर अर्जाआधी वर्षभर तेवढी मुभा आहे. लोकांत घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, अशी जागा सकाळच्या फास्टपेक्षा दुसरी कुठली?

काकांचा भाचा सदरा घालून चढला. दिवा स्टेशनच्या पुढे केव्हातरी त्यानं पट्टी ओढली. सीएसएमटीला डबा रिकामा झाला तरी तो खांबाला टेकून उभाच झोपलेला. गाडी परत फिरली आणि तो जागा झाला तेव्हा डोंबिवली आली होती. ऑफिसात खाडा पडला. काकांच्या मते चाचणी अपेक्षेपेक्षा यशस्वी.

पारंगत बाकावर वाटच बघत होते. “त्यात काय एवढं? डोंबिवलीच्या गाडीत माणूस उभ्यानं झोपतो ते काय आज? गर्दीच धरून ठेवते, पडूच देत नाही. पासाच्या पैशात. यात नवीन काय?”

काका शांतपणे म्हणाले, “गर्दी धड धरते. मान धरत नाही.”

पारंगतांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पेपर उचलला. तो उलटा होता.

चौथ्या मजल्यावरच्या मुलीनं लगेच कागद काढला. व्यक्तीनं स्वतःच्या नावानं ऑनलाइन अर्ज केला तर १६०० रुपये, तपासणीची विनंती ४००० रुपये, वकिलाचं ती बघून घेणार होती. अँटॉप हिलच्या कार्यालयात चकरा मारायची गरज नाही, हे ऐकून काका जरा हिरमुसले. नवा सदरा घालून जायचं त्यांच्या मनात होतं. तिनं सांगितलं, सगळ्यात महत्त्वाचे ते दावे. आपला शोध नेमका काय आणि कुठवर, ते त्यात लिहायचं. आणि प्रत्येक दावा एकाच वाक्यात हवा, वाक्य कितीही लांब चाललं तरी हरकत नाही. काकांना हा नियम फारच पसंत पडला. रात्री बसून त्यांनी मसुदा केला, तो असा :

दावा १ : मान धरण्याची सोय असलेला एक सदरा, ज्याच्या कॉलरीच्या मागील बाजूस छत्रीच्या दोन काड्या, स्कूटरच्या सीटचा स्पंज व एक रबरी पट्टी अशा रीतीने बसवलेली आहे की, सदर सदरा घातलेला इसम गाडीने दिवा सोडल्यावर उभ्या उभ्या झोपला असता त्याची मान शेजारच्या इसमाच्या खांद्यावर न पडता स्वतःच्याच खांद्यांमध्ये राहते, मग तो शेजारचा इसम ओळखीचा असो वा नसो, आणि दुसऱ्या मजल्यावर राहणारा असो वा नसो.

दावा २ : दावा १ मध्ये वर्णन केल्याप्रमाणे सदरा, परंतु अर्ध्या बाह्यांचा.

दावा ३ : दावा १ किंवा दावा २ मध्ये वर्णन केल्याप्रमाणे सदरा, ज्यातील रबरी पट्टी एका सेफ्टी पिनेने जागच्या जागी धरलेली आहे, जी पिन सौ.ची असून काम झाल्यावर परत करावयाची आहे.